बासष्ट किलोंची बचत

जावक क्र. १
३ मार्च

मेहुणेबुवा,

पत्र पाहून आश्चर्य वाटेल. पण फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर महत्त्वाचा विषय मी कागदावरच मांडतो.

विषय: तुमच्या ओळखीने घेतलेला निवासी ट्रेलर.

ट्रेलर परवा अंगणात आला. दोघांची झोपायची सोय, शेगडी, बेसिन, खाटेशेजारी खिडकी, सगळं व्यवस्थित. लग्नाच्या वर्षी मी तुमच्या ताईला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. मध्यंतरी तपासण्या निघाल्या. त्याला आता चौतीस वर्षं झाली. तुम्ही समुद्राकाठी राहता, अंतर सहाशे वीस किलोमीटर. तेव्हा दहा एप्रिलला आम्ही उभयता ट्रेलर जोडून निघणार. ही आनंदाची बातमी झाली, आता तक्रार.

माझी कार एकटी असताना लिटरला पंधरा किलोमीटर देते. काल ट्रेलर जोडून महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने चाचणी घेतली. सात. विश्वास बसेना म्हणून दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सात. कागदपत्रांत ट्रेलरचं वजन नऊशे किलो दाखवलंय. माझ्या मते ते खोटं आहे. तुम्ही ट्रकच्या बॉड्या बांधता, ट्रेलर दुरुस्त करता, तेव्हा खरं वजन लेखी कळवावं. तुमच्यावर माझा संशय नाही. पण नातं आणि तराजू मी कधी एकत्र केलेलं नाही.

तुमचे दाजी


९ मार्च

दाजी, नमस्कार.

पाकिटावर ‘जावक क्रमांक’ बघून बायकोला वाटलं, वर्कशॉपला नोटीस आली. तिला अजून धडधडतंय.

वजन नऊशेच आहे. मी स्वतः काट्यावर उभं राहून घेतलंय. वजनाचा दोष नाही, दाजी. वजन जाणवतं ते गाडी जागची हलवताना आणि चढावर. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या पुढे तुमचं पेट्रोल पिते ती हवा. कार बुटकी, नाकाने निमुळती. तिच्यामागे तुम्ही पावणेतीन मीटर उंचीची भिंत बांधून पळताय. कारच्या टपावरून सुटलेली हवा त्या भिंतीवर आपटते, आणि भिंतीच्या पाठीमागे जी पोकळी होते ती वर तुम्हाला मागे खेचते. पटत नसेल तर ताईला चालत्या गाडीतून जरा तळहात बाहेर काढायला सांगा, रस्ता मोकळा बघून. हात आडवा धरला तर काही नाही. उभा धरला की खांद्यापर्यंत ओढ लागते.

आणि वेगाचं म्हणाल तर वेग दुप्पट केला की हा अडसर दुप्पट होत नाही, चौपट होतो. नव्वदवरून सत्तरवर या, चाळीस टक्के अडसर तिथेच गळतो. त्याला ना पाना लागतो ना स्क्रूड्रायव्हर.

म्हणून सत्तरच्या पुढे जाऊ नका. छताचं हवेचं झाकण बंद ठेवा. टपावर काहीही चढवू नका. बाजूने मोठी गाडी गेली आणि ट्रेलर डोलायला लागला, तर ब्रेक दाबू नका, नुसता पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा. शेवटच्या शंभर किलोमीटरला समुद्राचा वारा थेट तोंडावर येतो, तिथे तर फारच सांभाळा.

ताईला म्हणावं, खाटेजवळची खिडकी मी मुद्दाम वीतभर मोठी करून घेतलीय.

तुमचा पत्रे ठोकणारा मेहुणा


जावक क्र. २
१५ मार्च

मेहुणेबुवा,

हवेबाबतचा तुमचा खुलासा करमणूक म्हणून उत्तम आहे. एकतीस वर्षांत मी धान्य तपासलं, कापड तपासलं, रॉकेल तपासलं. हवा कमी भरली अशी तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केली नाही, फुगेवाल्याच्या गिऱ्हाइकानेसुद्धा नाही. जी वस्तू पारड्यात बसत नाही तिचा बोजा गाडीवर पडतो, हे मी मान्य करू शकत नाही.

उपाय मी योजला आहे. खात्याने निकालात काढलेला प्लॅटफॉर्म काटा माझ्याकडे आहेच. ट्रेलरमधली एकूण एक वस्तू त्यावर चढवली आणि अनावश्यक ते उतरवलं. दोन गाद्या, एकोणीस किलो. शेगडी आणि सिलिंडर, सव्वीस. घडीचं टेबल, अकरा. कपाटाची दारं, नऊ. दार नसलं म्हणून कपाट कपाट राहत नाही असं नाही. तुमच्या ताईने शिवलेले पडदे, एक किलो सातशे ग्रॅम. टपावर जे काही आहे ते किरकोळ आहे, जेमतेम चार किलो. त्याचा विचार करण्याचं कारण नाही.

दाजी

(याच पाकिटात, वाण्याच्या बिलाच्या पाठीवर)

धाकट्या, पाकीट पेटीत टाकायला मीच चाललेय, म्हणून चिकटवण्याआधी हे चार शब्द. तू खिडकी मोठी केलीस म्हणून मी पडदे पुन्हा उसवून शिवले होते. आता ते माळ्यावर गेले. असो. गादी नाही तर सतरंजीवर झोपू, मला झोप कुठेही लागते. जायला मिळतंय हेच खूप. आता सांगायला हरकत नाही, मी गेले दोन आठवडे रोज ट्रेलरमध्ये जाऊन त्या खिडकीशी बसते. अंगणातली धुण्याची दोरी दिसते, पण बरं वाटतं.

खात्यातल्या लोकांनी ह्यांना निवृत्तीला दिलेली ॲल्युमिनियमची पाटी ह्यांनी ट्रेलर आला त्याच दिवशी त्याच्या पुढच्या टपावर उभी केलीय. आठ फूट लांब, तीन फूट उंच. ‘वरिष्ठ निरीक्षक, निवृत्त, वजनमापे’, आणि शेजारी तराजूचं चित्र. कोपऱ्यावरच्या सलूनपासून वाचता येते. हौस आहे, असू दे.

ताई


२१ मार्च

दाजी,

पाटी उतरवा.

बाकी काही बोलायच्या आधी हे बोलतो, कारण तुम्ही माझं पत्र अर्ध्यावर सोडून उत्तर लिहायला बसता असं मला वाटतं. ट्रेलरचं कपाळ सहा चौरस मीटरचं. त्यावर तुम्ही आणखी दोन मीटरच्या वर पत्रा उभा केलात, तोही अगदी काटकोनात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोती हलका आहे म्हणून फसलात. हवेला तुमची पाटी चार किलोची दिसत नाही, तिला ती दोन मीटरची दिसते. शिवाय ती नुसत्या चार स्क्रूंवर असणार. तसल्या पत्र्याला वाऱ्याने उचललं की तो कुठे जाऊन कोणाला लागेल, सांगता येत नाही.

गाद्या परत टाका. शेगडी टाका. पडदे तर टाकाच. एक किलो सातशे ग्रॅमने तुमची कार दमत नाही.

मेहुणा


जावक क्र. ३
२८ मार्च

मेहुणेबुवा,

पाटीचं वजन मी पुन्हा घेतलं. चार किलो दोनशे ग्रॅम. तुमच्या पत्रातला सूर पाहता कोणालाही वाटेल की मी टपावर म्हैस बांधली आहे. ती पाटी एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेची आहे. ती घरात लावायला भिंत पुरत नाही आणि पोत्यात गुंडाळून ठेवायला मी काही गुन्हा केलेला नाही. हा विषय बंद.

काल दुसरी चाचणी घेतली. सदुसष्ट किलो उतरवूनही लिटरला सात किलोमीटर. शास्त्रशुद्ध विचार केला तर एकच निष्कर्ष निघतो. कपात अपुरी पडली.

ट्रेलरमध्ये आता उतरवण्यासारखं काही उरलेलं नाही. कारमध्ये मी चालक या नात्याने आवश्यक आहे. तेव्हा सर्व बाजूंचा विचार करून असं ठरवण्यात आलं आहे की तुमच्या ताईने बसने यावं. बासष्ट किलोंची बचत होते. बस थेट तुमच्या गावी येते, पुढची सीट मिळाली तर दृश्यही चांगलं दिसतं. समुद्रावर आम्ही एकत्रच जाऊ. प्रवास तेवढा वेगळा. तिची काही हरकत दिसली नाही.

दाजी


३१ मार्च

धाकट्या,

हरकत दिसली नाही असं ह्यांनी तुला लिहिलं, ते मी वाचलं. पाकीट चिकटवण्याआधी हे मला नेहमी पत्र वाचायला देतात, शुद्धलेखनासाठी.

मला काट्यावर उभं केलं. चपला काढायला लावल्या, बांगड्यांचं काय करायचं यावर थोडा विचार केला, मग म्हणाले, राहू देत. आकडा लिहून घेतला. मी तिथून उतरले आणि कुकर लावायला गेले. हरकत घ्यायची म्हणजे काय करायचं, ते मला कधी नीट जमलंच नाही.

तू म्हणशील, बसने काय आणि कारने काय, पोहोचल्याशी कारण. पण मला पोहोचायचं नव्हतं रे नुसतं. मला ह्यांच्या शेजारी बसून जायचं होतं. हे उभा जन्म तपासणीला बाहेर आणि मी घरात. सलग दहा तास आम्ही दोघं कुठल्याही खोलीत बसलेलो नाही. वाटलं होतं, गाडीतून कुठे पळून जाणार, बोलतील काहीतरी. नाही बोलले तर मी बोलेन. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आता तू हसू नकोस, पण मला फार वाईट वाटलं. रात्री पाटीचे स्क्रू सैल करून ठेवावेत असं सुद्धा मनात आलं. केले नाहीत. उगीच कोणाच्या डोक्यात पडायची.

दहा तारखेचं तिकीट काढलंय. सकाळी सातची बस. हे माझ्या आधी तासभर निघणार.

ताई


४ एप्रिल

दाजी,

दोनच ओळी. तुम्ही मापाचे पक्के म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. तपासणी करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तुम्ही गाद्या बदलल्यात, टेबल बदललंत, बायको बदल— म्हणजे बायको बसमध्ये बसवलीत. पाटीला मात्र हात लावला नाहीत. एकदा पाटी काढून, ताईला शेजारी बसवून मोजा. आकडा सुधारला नाही तर मी वर्कशॉप बंद करून तुमच्या खात्यात शिपाई होतो.

मेहुणा


जावक क्र. ४
१४ एप्रिल
मुक्काम: महामार्गावरचं एक गॅरेज, तुमच्यापासून अलीकडे नव्वद किलोमीटर

मेहुणेबुवा,

चार दिवस झाले तरी मी पोहोचलो नाही म्हणून तिकडे काळजी असेल. गॅरेजवाल्याच्या फोनवरून ‘सुखरूप’ एवढा निरोप दिला होताच. सविस्तर अहवाल आता देतो.

दहा तारखेला सकाळी सहाला निघालो. दुपारपर्यंत लिटरला सात. बासष्ट किलो कमी असूनही सातच, याची नोंद घेतली. त्यानंतर मोकळं माळरान लागलं, समोरून वारा सुरू झाला, आकडा सहावर आला. तुम्ही लिहिलेला वारा तो हाच असावा. वेळापत्रक सांभाळण्यासाठी मी ऐंशीचा वेग कायम ठेवला. अशात मागून एक बस आली आणि बाजूने पुढे गेली. ट्रेलर आधी बसकडे ओढला गेला, मग पलीकडे ढकलला गेला, मग मागची बाजू शेपटासारखी हलू लागली. मी ब्रेक दाबला. दाबायला नको होता असं तुमच्या पत्रात आहे, ते मी नंतर पाहिलं. गाडी रस्त्याच्या कडेला उतरून थांबली. त्याच सुमारास पाटी टपावरून दूर झाली. ती बाभळीत मिळाली. कोणाला लागली नाही. सध्या ती दोन तुकड्यांत आहे.

जोडणीचा आकडा वाकला होता, तो गॅरेजवाल्याने त्याच संध्याकाळी सरळ करून दिला. म्हणजे मी अकरा तारखेलाच पोहोचू शकलो असतो. परंतु पाटी नसताना मोजमाप घेण्याची संधी आयती आली होती, ती सोडणं माझ्या स्वभावात नाही. गॅरेजपासून पंचवीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं, ऐंशीच्या वेगाने, रोज एकाच वेळी. पाटीशिवाय: साडेआठ. सत्तरच्या वेगाने: दहा. मग बांधकामावरून वाळू आणली, पोत्यात बरोबर बासष्ट किलो भरली, ते पोतं शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि सत्तरने पुन्हा गेलो. दहा. तीन दिवस हेच केलं, तिन्ही दिवस दहा.

निष्कर्ष लिहिताना मला त्रास होत आहे, तरी लिहितो. तुमचं म्हणणं बरोबर होतं. पाटीचा परिणाम होतो. वेगाचा परिणाम होतो. तुमच्या ताईचा काहीही परिणाम होत नाही. हे तिला वाचून दाखवावं, तिला बरं वाटेल. परतीच्या प्रवासात तिला कारमधून नेण्यास माझी हरकत नाही.

दाजी


१७ एप्रिल

अहो,

धाकट्याने तुमचं पत्र वाचून दाखवलं. दाखवताना दोनदा उठून बाहेर गेला. पहिल्यांदा हसायला गेला असावा, दुसऱ्यांदा बहुतेक चिडून.

ती बस माझी होती. तुम्हाला वाटलं असेल कुठलीतरी. मी पुढच्या सीटवर, खिडकीशी. पाटी लांबूनच ओळखली आणि पदर सावरून बसले, म्हटलं आता बाजूने जाताना हात करू. हात वर केला तेव्हा तुम्ही दोन्ही मुठींनी स्टिअरिंग धरून बसला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी ओरडले, बस थांबवा. ड्रायव्हरने पुढे जाऊन थांबवलीही, भला माणूस. मी खाली उतरले. लांबवर तुम्ही गाडीतून बाहेर येऊन उभे राहिलेले दिसलात, हातपाय धड होते. मग चालत बाभळीकडे गेलात. रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.

ड्रायव्हरने विचारलं, कोण तुमचं? म्हटलं, आमचे हे. तो म्हणाला, मग तुम्ही इकडे कशा?

अख्खी बस बघत होती. मी परत चढून बसले.

त्यानंतर तुम्ही माझ्यापासून नव्वद किलोमीटरवर तीन दिवस वाळूचं पोतं फिरवलंत. त्याला पट्टा लावलात. माझा काही परिणाम होत नाही हे तुम्ही आता सिद्ध केलंय, आणि मला त्याने बरं वाटेल असं तुम्हाला वाटतंय. पेट्रोलचं मला काही नको. त्या ड्रायव्हरला काय उत्तर द्यायचं होतं, तेवढं मला सांगा. तुम्हाला सापडलं तर.

मी


२० एप्रिल

अगं,

चार कागद फाडले. पहिल्यात वाऱ्याची दिशा लिहिली होती. दुसऱ्यात मेहुण्याचा दोष काढला होता. बाकीच्यांत काय होतं ते सांगत नाही.

गॅरेजवाल्याने काल विचारलं, काका, मोजमाप संपलं ना, मग अडलंय काय? खरं असं आहे की इथून निघायची मला भीती वाटते. बस बाजूने गेली तेव्हा मी मोठ्याने तुला म्हणालो, घट्ट धर. म्हणालो आणि मग शेजारी बघितलं.

तू बसमध्ये कशी, याचं उत्तर: मी तुला विचारलं नाही. ठरवलं आणि सांगितलं. आजवर सगळं असंच ठरवलं, आणि तू बोलली नाहीस म्हणजे मान्य आहे असं धरून चाललो. दुकानदार गप्प राहिला तर आम्ही त्याचं माप खोटं धरायचो. तुझ्या बाबतीत उलटा नियम कुठून आला, मला माहीत नाही.

पोतं रिकामं केलं. इतके दिवस त्याच्याशी बोलत होतो, हे तुला सांगायला लाज वाटते. गाडीत कोणी नसलं की वळण चुकतं.

आता विचारतो. परत येताना माझ्याबरोबर येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी ते ऐकून घेईन.

तुझा


२२ एप्रिल

अहो,

परतीचं आत्ता कशाला विचारता? अजून तुम्ही आलाच नाहीत.

माझी अट एकच. मधे शेवटचे नव्वद किलोमीटर राहिलेत ना, ते मी तुमच्याबरोबर करणार. पंचवीस तारखेला सकाळच्या बसने मी उलटी तुमच्याकडे येते. गॅरेजच्या दारात उतरेन. धाकट्याची बायको एक गादी आणि कसलेतरी पडदे बांधून देतेय, ते मी आणीन, तुम्ही ते कशावरही ठेवून बघायचे नाहीत. मग सत्तरने जाऊ. तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन.

आणि एक. इथे आल्यापासून मी रोज सकाळी एकटी समुद्रावर जाते. पहिल्या दिवशी पाण्यात उभी राहिले तर पायाखालची वाळू सरकायला लागली, मी घाबरून एका अनोळखी बाईचा हात धरला. तेव्हा लक्षात आलं की हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसे? तुम्हीही समुद्र पाहिलेला नाही. मला हे लग्नाच्या वर्षीच कळलं होतं, पण तुम्ही इतक्या तोऱ्यात ‘दाखवतो’ म्हणालात की मी गप्प बसले.

चला. मी दाखवते.